पितळेच्या कढईतला उखाणा

लोणंदची हेमलता शेळके वयाच्या एकोणसाठाव्या वर्षी, एका मंगळवारी सकाळी, मेथी निवडता निवडता कवयित्री झाली. त्यासाठी तिने काहीएक केलं नव्हतं. फोन वाजला, पदराला हात पुसून तिने तो उचलला, आणि सरकारी बाईच्या गोड आवाजात फोन म्हणाला, "अभिनंदन. पुढील रचनेच्या आपण कर्त्या आहात, असं सिद्ध झालं आहे." मग रचना वाचून दाखवली:

पितळेच्या कढईत दूध चाललं उतू,
अरविंदरावांचं नाव घेते, दार नका अडवू.

हेमलताच्या हातातली जुडी हातातच राहिली. समोर अरविंदराव चहा पीत बसले होते. त्यांचं मोटर रिवाइंडिंगचं दुकान. दिवसभर तार मोजून गुंडाळायची सवय, त्यामुळे शब्दही मोजूनच बाहेर पडत.

"हा तर सगळ्याच बायका घेतात," ते म्हणाले.

"घेतात. पण केला कुणी?"

अरविंदरावांनी एक घोट घेतला. "तू, माझ्यासाठी," ते म्हणाले, आणि आपण गेली अडतीस वर्षं कोल्हापूरपासून गोंदियापर्यंत गाजत आलो आहोत, हे पहिल्यांदाच लक्षात आल्यासारखे जरा ताठ बसले.

आता हे सिद्ध कसं झालं ते सांगायला हवं, नाहीतर तुम्हाला वाटेल सरकारला स्वप्न पडलं. पुण्याच्या डॉ. मीनल होनराव मुळात विषाणूंच्या वंशावळी काढणाऱ्या बाई. विषाणू एका माणसातून दुसऱ्यात जाताना थोडा थोडा चुकतो. त्या चुका जुळवत मागे मागे गेलं की साथ कुठल्या गावात, कुठल्या घरात सुरू झाली ते कळतं. होनरावबाईंच्या ध्यानात आलं की माणसांचे शब्दही असेच चुकत चुकत पसरतात. कुणी पितळेची कढई म्हणतं, कुणी चांदीची. एकीचं दूध उतू जातं, दुसरीची खीर. ज्या नवऱ्या मुली 'खीर' म्हणतात त्या सगळ्यांनी ती खीर एकाच घरातून उचललेली असणार, हे उघड आहे. बाईंनी यंत्र केलं, नाव ठेवलं उगमयंत्र, आणि गेल्या चाळीस वर्षांत लोकांनी हौसेने नेटवर चढवलेली लग्नं, बारशी, गॅदरिंगं सगळी त्याला ऐकवली. यंत्राने चुकांची झाडं उभी केली आणि प्रत्येक झाडाच्या बुडाशी बोट ठेवलं. दुधाच्या झाडाच्या बुडाशी निघाली सन २००१ची एक लग्नाची कॅसेट. ती हेमलताच्या मुलाने आईबापांच्या लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला नेटवर टाकली होती. त्या लग्नाआधी हा उखाणा कुणी घेतल्याची नोंद जगात कुठेच नव्हती.

यंत्रामागोमाग कायदा आला. कर्ता सापडला की त्याच्या होकाराशिवाय त्याची रचना माईकवर, फोनवर किंवा कॅमेऱ्यासमोर म्हणता येणार नाही. त्यासाठी प्रत्येक माईकमध्ये आणि फोनमध्ये 'राखण' नावाची वाटाण्याएवढी चकती सक्तीची झाली. होकार नसला की तिचा लाल दिवा लागतो आणि ती तेवढाच आवाज गिळून टाकते. रचनेत चार शब्द इकडेतिकडे केले तरी फसत नाही, कारण तिला सगळं खानदान पाठ असतं. नुसत्या तोंडाने म्हणायला कायद्याची ना नव्हती. पण २०३९ साली माईक आणि कॅमेऱ्याशिवाय लग्न कुठे सापडायला?

तर असा महाराष्ट्रातला सगळ्यात लाडका उखाणा हेमलताच्या मुठीत आला.

पहिले आठ दिवस तिने आल्या अर्जाला 'होकार' दिला. लग्नसराईचे दिवस, रोजचे साठ-सत्तर अर्ज. वधूचं नाव, वराचं नाव, गाव, मुहूर्त. पैसे मागायची सोय कायद्यात होती, पण हेमलताने एक रुपया मागितला नाही. नवव्या दिवशी मात्र तिला वाटलं, आपली वस्तू कुठल्या घरात चाललीय ते तरी बघावं. पोरगी देताना आपण चौकशी करतो, मग उखाणा देताना का नको?

आणि तिने अर्जाला चार प्रश्न जोडले. नवरदेवाला चहा करता येतो का, आणि नुसती पावडर कुठे असते हे माहीत असणं धरलं जाणार नाही. लग्नानंतर मुलीचं नाव बदलणार का, आणि कुणाच्या सांगण्यावरून? 'आमच्यात असं नसतं' हे वाक्य सासूबाईंनी आत्तापर्यंत किती वेळा म्हटलं? आणि चौथा, नवरदेव स्वतः नाव घेणार का, का नुसताच दात काढत उभा राहणार?

अरविंदरावांनी ते प्रश्न चष्मा लावून वाचले. "मला नसता मिळाला," ते म्हणाले.

"तुम्हाला कुठे हवा होता? घेतला मी होता."

महिन्याभरात महाराष्ट्राच्या विवाहसंस्थेची किल्ली लोणंदच्या बाजारपेठेमागे राहायला आली. जळगावच्या एका सासूने प्रश्न तीनला 'अद्याप एकदाही नाही' असं उत्तर दिलं. हेमलताने ते खोटं ठरवून नकार दिला, आणि पुढे ते खोटंच निघालं. नगरच्या एका वधूने न विचारताच माईकवर सुरुवात केली, तर राखणने दोन्ही ओळी गिळल्या. पोरगी नुसती ओठ हलवतेय आणि मागे बायका टाळ्या वाजवतायत, असं ते चित्र सगळीकडे फिरलं. बार्शीहून एक नवरदेव चहाचा थर्मास घेऊन स्वतः आला. हेमलताने चाखून बघितला, आलं थोडं जास्त होतं, पण पास केला. गल्लीतल्या बायका आता तिला वाट द्यायला लागल्या. भाजीवाला कोथिंबिरीची जुडी वर टाकायचा आणि म्हणायचा, "काकू, भाचीचं तेवढं बघा."

माणसाला मान मिळाला की वेळ मिळत नाही. हेमलताचं गिरणीत जाणं सुटलं, भिशी सुटली, आणि फलटणच्या मैत्रिणीचे चार फोन आले तेही उचलायचे राहिले. "नंतर करते" असं ती दर वेळी म्हणाली, स्वतःशीच.

इथे एक गोष्ट तुम्हाला सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. हेमलताने ती कुणालाच सांगितली नव्हती. उखाणा तिचा नव्हताच.

तो होता या फलटणच्या मैत्रिणीचा, उज्ज्वला डोईफोडेचा. हेमलताच्या लग्नाच्या आदल्या संध्याकाळी दोघी माहेरच्या गच्चीवर मटार सोलत बसल्या होत्या. हेमलताने पुस्तकातला एक चार ओळींचा भारदस्त उखाणा पाठ केला होता. उजू मात्र मटार सोलता सोलता आपल्या मनाने एकामागून एक उखाणे करून फेकत होती. करायची आणि फेकायची, मटाराची सालं टोपलीत पडावीत तसे. नवऱ्याच्या नावाच्या जागी ती 'टिंबटिंबराव' म्हणायची, कारण तिचं लग्न तेव्हा ठरायचं होतं. दुसऱ्या दिवशी सासरच्या दारात थोरल्या नणंदेने हेमलताला अडवलं. समोर कॅमेऱ्याचा भगभगीत दिवा, मागे शंभर माणसं. चार ओळींचा उखाणा डोक्यातून साफ पुसला गेला, आणि तोंडातून निघालं ते कालचं गच्चीवरचं दूध. माणसं खूश झाली. नणंद म्हणाली, "अगं बाई, स्वतः केलास?" आणि हेमलता म्हणाली, "हो."

उजू पाठराखीण म्हणून मागेच उभी होती. ती तेव्हा काही बोलली नाही आणि नंतरही कधी बोलली नाही. वडिलांचं आजारपण, भावांची शिक्षणं, यांत तिचं लग्न राहिलं ते राहिलंच. ती एसटीत कंडक्टर झाली आणि तीस वर्षं फलटण-सातारा मार्गावर असा आवाज काढत राहिली, की मागच्या बाकावरचा झोपलेला माणूसही सुट्टे पैसे काढायचा. हेमलताने मनाची समजूत घातली होती की तिच्या लक्षातही नसेल. ती तर रोज दहा करायची. पण फोनवर उजूचं नाव दिसलं की तो 'हो' आठवायचा, म्हणून तर फोन राहायचे.

आणि एका शुक्रवारी दुपारी, सव्विसाव्या क्रमांकावर, हा अर्ज आला. वधू: उज्ज्वला दगडू डोईफोडे, वय एकोणसाठ, सेवानिवृत्त वाहक. वर: मुकुंद रणवरे, वय एकसष्ट, विधुर, सेवानिवृत्त वाहतूक नियंत्रक. स्थळ फलटण. मुहूर्त पुढच्या रविवारी.

हेमलताने नाव दोनदा वाचलं. जिवाची मैत्रीण लग्न करतेय आणि आपल्याला ते अर्जातून कळतंय. खाली चारही प्रश्नांची उत्तरं व्यवस्थित भरलेली होती. चहा येतो, साखर जास्त घालतात, पण सांगितलं तर ऐकतात. नाव बदलणार नाही, पेन्शन जुन्या नावावर आहे, कोण हेलपाटे घालणार. सासूबाई एक्याण्णव वर्षांच्या आहेत, मी कोण हे त्यांना रोज नव्याने सांगावं लागतं आणि त्यांना दर वेळी आनंद होतो. चौथ्याचं उत्तर होतं, 'घेणार म्हणतात. स्टँडवर गाड्यांच्या घोषणा करायचे, त्याच आवाजात घेतील अशी भीती आहे.'

खाली दोन बटणं, होकार आणि नकार.

संध्याकाळी अरविंदराव आले तर चूल थंड. त्यांनी अर्ज वाचला. "दे की होकार. पहिल्या नंबरात पास झालीय."

"तिचंच तिला कसं देऊ?" हेमलता म्हणाली, आणि सगळं सांगून टाकलं. गच्ची, मटार, कॅमेऱ्याचा दिवा, तो 'हो'.

अरविंदरावांनी अर्ज खाली ठेवला. मग म्हणाले, "म्हणजे तो माझ्यासाठी केलेला नव्हता."

"नाही."

"मग त्यात आधी कुणाचं नाव होतं?"

"कुणाचंच नव्हतं. टिंबटिंबराव."

"अडतीस वर्षं," ते म्हणाले, "मी टिंबटिंबराव आहे," आणि उठून स्वतः चहा टाकायला गेले. दोन मिनिटांनी आतून विचारलं, पावडर कुठे असते.

सकाळची पहिली एसटी धरून हेमलता फलटणला पोचली. वाटेत तिने वाक्यं तयार केली होती, पण उजूने दार उघडलं आणि "ये, चपला आतच काढ, कुत्रं नेतं," म्हणाली, तेवढ्यावरच ती वाक्यं गेली. आतल्या खोलीत रुखवताऐवजी औषधांचे डबे, नवीन कुकर आणि दोन वॉकिंग स्टिकांचा आहेर मांडलेला होता.

"उजे, तो उखाणा तुझा आहे," हेमलता उभ्या उभ्याच म्हणाली. "मी चोरला."

"माहितीय की."

"मग कधी बोलली का नाहीस?"

"मी बोलायचं होतं होय?" उजूने तिला खुर्चीवर बसवलं आणि समोर पाण्याचा तांब्या ठेवला. "राग आला होता मला. उखाण्याचा नाही, उखाणे काय, पोत्याने होते. दारात घाबरलीस, तोंडात आलं ते बोललीस, त्यात कसला राग. पण रात्री येऊन म्हणायचंस, उजे, तुझा वापरला गं. मी वाट बघितली. मग पाचपरतवनाला वाट बघितली. मग पोराच्या बारशाला. मग सोडून दिलं."

हेमलताला रडू आलं आणि तिने ते येऊ दिलं. उजूने तिला पदराचं टोक दिलं, स्वतःच्या.

"आणि अर्ज कशाला केलास? तुझ्या वस्तूसाठी माझ्यापुढे हात पसरायचा?"

"फोन उचलत नाहीस. लग्नाचं सांगायचं होतं. म्हटलं अर्ज केला तर वाचशील तरी. नाहीतर तो उखाणा मी कशाला घेईन? इतका पडेल."

"पडेल?"

"उतू आणि अडवू," उजू म्हणाली. "हे यमक आहे का, हेमे? ओढून ताणून चंद्रबळ. आणि पितळेच्या कढईत दूध तापवतं का कुणी? कल्हई नसेल तर कळकून जाईल. मला एकवीस वर्षांच्या पोरीला काय ठाऊक, चूल आई बघायची. त्या संध्याकाळी मी बारा केले होते, त्यातला सगळ्यात टाकाऊ तू उचललास आणि सगळा महाराष्ट्र त्यावर लग्नं करतोय. लग्नात कुणी तो घेतला की मी हात धुवायला जाते."

हेमलताने फोन काढला. "मी आत्ता दुरुस्त करते. तुझं नाव घालते."

उजूने फोन हिसकावला. "माझं नाव त्याला लागलं तर बघ. कर्ता हक्क म्हणतात ना, मग हा माझा हक्क. मला नकोय."

शेवटी दोघींनी मिळून सरकारी बाईलाच विचारलं. बाई नेहमीसारखीच गोड. रचना सर्वांसाठी मोकळी करायची असेल तर 'ही मी स्वतः रचली आहे' असं आपल्या आवाजात म्हणावं. रचना आपली नसेल तर खऱ्या कर्त्याचं नाव द्यावं. नाव न देता रचना नाकारल्यास ती साठ वर्षं बंद राहील. राखण लावलेल्या कुठल्याही माईकवर केलेलं निवेदन ग्राह्य धरलं जाईल. धन्यवाद.

"मोकळी कर," उजू म्हणाली. "एक वाक्य तर म्हणायचंय."

"आता नाही म्हणवत गं ते वाक्य. तुझ्यासमोर तर नाहीच."

"तर मग गप्प बस. रविवारी जेवायला ये, आणि माझा घोळ वाढवू नकोस."

रविवारी फलटणच्या कार्यालयात शंभरेक माणूस होतं, निम्मं एसटीचं. मंगलाष्टकं वेळेवर सुरू झाली आणि वेळेवर संपली, कारण दोन्हीकडची माणसं वेळापत्रकावर वाढलेली. मुकुंदरावांनी आधी नाव घेतलं, भीती होती त्याच आवाजात, आणि बाहेर रस्त्यावर दोन माणसं पिशव्या उचलून गाडी शोधायला लागली. उखाण्यांचा माईक मुकुंदरावांच्या थोरल्या बहिणीकडे होता. त्यांना सगळे अक्का म्हणत. वय सत्तर, पण माईक हातात आला की पंचवीस.

"आणि आता," अक्का म्हणाल्या, "नवरीच्या मैत्रीण, महाराष्ट्राच्या लाडक्या, आपल्या हेमलताताई. त्यांच्या तोंडून तो उखाणा ऐकल्याशिवाय आम्ही नवरीला काही सोडायचो नाही."

शंभर डोकी वळली. दहाबारा फोन वर झाले. अरविंदराव पहिल्या रांगेत होते. ते आपले बूट बघू लागले. हेमलताच्या हातात माईक आला. दोन ओळी म्हणायच्या आणि खाली बसायचं, इतकं सोपं होतं. कुणाला काही कळलं नसतं. उजू व्यासपीठावर मुंडावळ्या बाजूला सारून पाणी पीत होती आणि इकडे मुळीच बघत नव्हती.

ती बघत नाहीये, हेच हेमलताला सोसवेना. ती परत एकदा वाट बघत असली तर?

"हा उखाणा माझा नाही," ती म्हणाली. आवाज स्पीकरमधून इतका मोठा आला की ती स्वतःच दचकली. "मी अडतीस वर्षांपूर्वी माझ्या मैत्रिणीचा उचलला आणि माझा म्हणून सांगितला. तिला कधी विचारलं नाही आणि कधी कबूलही केलं नाही. मागच्या महिन्यात तर दुसऱ्यांना तिच्या वस्तूची परवानगी देत बसले. तिचं नाव सांगायची माझी फार इच्छा आहे, पण तिने त्याची परवानगी दिलेली नाही."

मग हेमलताच्या कमरेला खोचलेला फोन गोड आवाजात म्हणाला, "निवेदनाची नोंद झाली. आपला हक्क रद्द. रचना बंद."

"अगं पण कोण ती?" अक्कांनी विचारलं. मागून कुणी म्हणालं, "नाव घ्या, नाव घ्या," आणि लग्नातला हा नेहमीचा आग्रह असा भलत्याच बाईसाठी सुरू झाला.

व्यासपीठावरून नवरी म्हणाली, "असेल हो कुणीतरी. यमक तरी कुठे जमलंय तिला."

पिकलेला हशा ओसरायच्या आत अक्कांनी माईक उजूच्या हातात कोंबला. "मग तुम्हीच घ्या बघू जमलेला."

उजू उभी राहिली. साडी सारखी केली. "कल्हईच्या कढईत," एवढं ती म्हणाली आणि माईक मुका झाला. लाल दिवा लागला होता. डेकोरेटरचा माणूस धावत आला, वायर हलवली, दुसरा माईक दिला, तोही तिथेच अडला. हेमलताला एकदम उमगलं. राखणने कढई ओळखली होती. नवा असला तरी हा उखाणा त्याच खानदानातला, आणि ते खानदान दोन मिनिटांपूर्वी तिनेच साठ वर्षांसाठी बंद केलं होतं. मूळ बाईने आपलंच लेकरू दुरुस्त करायला घेतलं आणि यंत्राने तिच्याच तोंडावर हात ठेवला. हेमलताला जमीन पोटात घेईल तर बरं असं झालं.

उजूने दोन्ही माईक डेकोरेटरच्या हातात परत दिले. "ठेव बाबा. मला ते कधी लागलेत?" आणि पुढच्या दारापासून मागच्या बाकापर्यंत पोचणाऱ्या त्या आवाजात ती म्हणाली:

"कल्हईच्या कढईत दूध घेतलं आटवून,
मुकुंदरावांचं नाव घेते, अडतीस वर्षं साठवून."

स्वयंपाकघरातले आचारी झारे हातात घेऊन बाहेर आले. टाळ्या पडल्या, शिट्ट्या पडल्या, एसटीच्या माणसांनी खुर्च्या वाजवल्या. अक्का मात्र बोटांवर वर्षं मोजत होत्या आणि त्यांचा चेहरा उतरत चालला होता. "मुकुंदा, अडतीस वर्षांपूर्वी तर तुझी पहिली..."

"मी तेव्हा कराड डेपोला होतो," मुकुंदराव घाईघाईने म्हणाले. "यांना ओळखत पण नव्हतो."

"मी उखाणा साठवला म्हणाले हो," उजू म्हणाली. "माणूस नंतर मिळाला."

बायकांनी तिला घेरलं. परत म्हणा, लिहून घेते, सावकाश म्हणा. फोनमध्ये काही उतरलं नव्हतं. ज्याने त्याने उघडून बघितलं तर नुसते ओठ हलताना दिसत होते. एकीला पहिली ओळ आठवत होती, दुसरीला दुसरी, आणि तिसरी तर आत्ताच 'बासुंदी घेतली आटवून' म्हणत जेवायच्या पंगतीकडे निघाली होती. उजूने कुणालाही अडवलं नाही आणि कुणाला परत म्हणूनही दाखवलं नाही.

गर्दी पांगल्यावर हेमलता व्यासपीठावर चढली. गळ्यात पडायचं होतं, पण मुंडावळ्यांत चष्मा अडकला, म्हणून दोघी आधी तो सोडवत बसल्या. उखाणा तिला एका ऐकण्यात पाठ झाला होता, शब्द न् शब्द, आणि पुढच्या महिन्यात तिच्या पुतणीचं लग्न होतं.

"उजे," ती म्हणाली, "तुझा हा उखाणा रोहिणीला देऊ का गं? तुझं नाव सांगून देते."

उजूने तिच्याकडे नीट बघितलं. अडतीस वर्षं जे ऐकायचं होतं ते आत्ता कानावर आलं होतं, आणि नवरीचे डोळे भरले होते. पण तीस वर्षं पुढच्या दारातून माणसं चढू न देणारी ती कंडक्टर.

"बघू," ती म्हणाली. "अर्ज कर."